बी.एड. नंदुरबारकडे करायचं की सुरतला? आमच्या भाचीचं प्रकरण

साखरपुडा झाला जानेवारी २०२४ मध्ये, पाव्हणे सुरतचे, आणि चार दिवसांनी भाचीचा फोन. "मामा, बी.एड. अठेच करू का लगीन व्हवावर तठे करू?"

मी जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं. कसं चुकीचं निघालं तेच इथे लिहितोय, कारण आपल्या खान्देशातून दरवर्षी कितीतरी पोरी सुरत-नवसारी-वापीकडे सासरी जातात आणि शिकलेली पोरगी असली की घरात हाच प्रश्न येतो, आणि उत्तर देणारे माझ्यासारखेच असतात, मास्तर आहे म्हणून विचारायचं.

आधी माणसं सांगतो. भाची नंदुरबारची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, आपल्याच विद्यापीठातून म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. दाजी मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर, हिशोबाला. बीएस्सीनंतर वर्षभर ती एका क्लासवर नववी-दहावीला सायन्स शिकवत होती आणि तिथेच तिला शिक्षिका व्हायचं खूळ लागलं, खूळ म्हणतो पण शिकवते छान, मी मागे बसून ऐकलंय. जावई सुरतच्या उधन्यात वाढलेला, मूळ शिंदखेड्याकडचं घर, पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, घरात अहिराणी आणि बाहेर गुजराती-हिंदी. चांगली माणसं. सासूबाईंचं म्हणणं एवढंच की लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, लगेच मेमध्ये उरकू, शिकायचं ते सुरतला शीक, तिकडे काय कॉलेजं नाहीत का.

मी स्वतः जिल्हा परिषदेचा मास्तर, डी.एड. करून लागलो, नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलं. म्हणजे माझं ज्ञान माझ्या जमान्याचं. मी तिला सांगितलं की बी.एड. एनसीटीईच्या, म्हणजे बी.एड. कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या, मान्यतेचं असलं की भारतभर चालतं, कुठूनही कर, आणि एकदा झालं की पहिलीपासून दहावीपर्यंत सगळं मोकळं, तिकडे महापालिकेच्या मराठी शाळा आहेत त्यात लहान पोरांना शिकव. यातलं पहिलं अर्धं बरोबर होतं.

दुसरं अर्धं कसं पडलं ते सांगतो. फेब्रुवारीत मी एका लग्नाला सुरतला गेलो तर मुद्दाम एक दिवस जास्त राहिलो. लिंबायत-डिंडोलीकडे फिरलात तर कळेल, दुकानाची पाटी गुजराती आणि आत बोलणं अहिराणी. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजराती सोडून मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया अशा बऱ्याच माध्यमांच्या शाळा चालवते हे खरं आहे. तिथल्या एका मराठी शाळेत साक्रीकडचे एक गुरुजी भेटले, पंचवीस वर्षं तिकडेच. त्यांना सांगितलं की भाची बी.एड. करणार आहे आणि तुमच्यासारख्या शाळेत पहिली-दुसरीला यायचं म्हणते. ते हसले. म्हणाले मास्तर, पेपर वाचत नाही का, ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एल.एड. म्हणजे तुमचं जुनं डी.एड. पाहिजे, आमच्याकडे त्याला पीटीसी म्हणतात. एनसीटीईने २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना प्राथमिकला घ्यायची सूट दिली होती ती कोर्टाने रद्द केली. मला हे माहीत असायला हवं होतं, मी त्याच खात्यात पगार खातो.

मग सहावी ते आठवीचं काय, तर तिथे बी.एड. चालतं पण टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पाहिजे, आणि टीईटी ज्याची त्याची. महाराष्ट्राची टीईटी पुण्याची परीक्षा परिषद घेते, गुजरातची गांधीनगरहून होते, तिला ते टेट-वन टेट-टू म्हणतात, आणि नववीच्या पुढे गेलात तर टॅट नावाची वेगळी परीक्षा. आपल्याकडे नववी-दहावीला टीईटी लागत नाही पण टेट लागते, म्हणजे बुद्धिमत्ता-अभियोग्यता चाचणीवाली, दोनशे मार्कांची, आणि तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टलवरून शिक्षकभरती. नावं इतकी सारखी की गुरुजी बोलत होते 'टेट' आणि मी ऐकत होतो आपली टेट, दहा मिनिटं दोघं वेगळ्याच गाडीत बसलेलो. आणि आपली टेट कधी होईल त्याचा भरवसा नाही, पहिली डिसेंबर २०१७ ला, दुसरी थेट २०२३ ला, मग २०२५.

म्हणजे डिग्री सीमा ओलांडते पण तिच्यासोबतचं बाकीचं काहीच ओलांडत नाही. घरी आल्यावर मी हे वहीत मांडायला घेतलं तेव्हा कळलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. "कुठलं बी.एड. चालेल" हा प्रश्नच नाही, चालतं सगळीकडचं. इथे केलं तर काय मिळतं जे तिकडे मिळणार नाही, आणि उलटं, हे बघायचं होतं.

यात जातीचा दाखला आला. आमचं घर ओबीसीत. ते ओबीसी सीमेवरच्या नवापूरपर्यंत, पुढच्या स्टेशनला पोरगी ओपन, तिकडच्या भाषेत बिनअनामत. राखीव जागेचा फायदा ज्या त्या राज्याचा असतो आणि लग्न करून गेलं म्हणून सासरच्या राज्यात तो मिळत नाही, जात वडिलांकडूनच धरतात. लोकांना हे खरं वाटत नाही, सांगतात अहो तिकडे पण तीच जात आहे. असेल. आपल्याकडे जळगावकडचे लेवा पाटील ओबीसीत येतात आणि गुजरातचा लेउवा पटेल खुल्यात, आता बोला. तर सुरतच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा झाला तर दुसऱ्या राज्यातली, दुसऱ्या विद्यापीठाची, खुल्या गटातली उमेदवार म्हणून उभं राहायचं. वर आपल्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढायचं, तिकडच्या विद्यापीठाची पात्रता काढायची, आणि शेवटी मिळणार ते बहुधा विनाअनुदानित कॉलेज, पूर्ण फी भरून.

याच काळात तिसरा रस्ता घरात चालून आला. दाजींच्या ओळखीचा एक एजंट. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात कॉलेज, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नको, हजेरी नको, दोन वर्षांत फक्त परीक्षेला जायचं, ८० हजारांत सगळं, लग्न मेमध्ये करा आणि पोरगी सुरतला बसून बी.एड. होईल. नॉन-अटेंडिंग. आपल्या भागात हा शब्द आता इतका रुळलाय की लोक बायोडेटात लिहायचेच बाकी आहेत. दाजी एकदम खूश, व्याहीही खूश, सगळ्यांचा प्रश्न एका झटक्यात सुटला.

मी आडवा गेलो आणि थोडं वाजलं पण. माझं म्हणणं दोन होतं. एक कागदाचं, की नियमाने वर्षाला २०० दिवस कॉलेज, तासांना ८० टक्के हजेरी आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के, दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे. हे कागदावर दाखवतात सगळे, पण उद्या सरकारी नोकरीच्या पडताळणीत त्याच तारखांना पोरगी सुरतला दुसरीकडे कामाला दिसली तर कॉलेजचं काही जात नाही, जातं हिचं. दुसरं म्हणणं कागदाचं नव्हतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा असंच करून सुरतला एका इंग्रजी शाळेत इंटरव्ह्यूला गेला, त्यांनी म्हटलं आठवीचा प्रकाशाचा धडा घ्या वीस मिनिटं, आणि त्याआधी पाठ टाचण, म्हणजे तास कसा घेणार ते, लिहून द्या. याने आयुष्यात एक टाचण लिहिलेलं नव्हतं. वर्गात गेला, फळ्याकडे तोंड करून पुस्तक वाचत बसला. खाजगी शाळेत कोणी तुमच्या मार्कशीटकडे फार वेळ बघत नाही, डेमो बघतात, आणि सुरतला भाचीला सगळ्यात आधी मिळणारी नोकरी खाजगी शाळेतलीच असणार होती.

दाजी म्हणाले, "मास्तर, तुम्हले काय जास बोलाले, लगीन कोन थांबाडी?"

लग्न शेवटी पंचांगाने थांबवलं. त्या वर्षी मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचा अस्त, धड मुहूर्तच नव्हते, त्यामुळे व्याह्यांनीच तारीख तुळशीच्या लग्नापुढे ढकलली. मी ज्योतिषाला मानत नाही पण त्या भटजींना एक नारळ द्यायला हवा होता.

दरम्यान मी पोरीला एवढंच म्हटलं होतं की भांडण चालू दे, तू सीईटीचा फॉर्म भरून ठेव. महाराष्ट्राची बी.एड. सीईटी शंभर मार्कांची, दीड तास, त्यात मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०, चुकीला मार्क कापत नाहीत. मार्च २०२४ मध्ये तिने दिली, क्लास न लावता, बरे मार्क पडले. हा फॉर्म भरला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण जुलैत जीआर आला. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, असेल, तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी पन्नास टक्के होती. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, एजंटाच्या कॉलेजला तर नाहीच. दाजींनी त्या रात्री स्वतःच हिशोब केला, पथारीवरचा माणूस, आकडा लगेच दिसतो. इकडे फी जवळपास काही नाही, वर एसटीला बायकांना अर्धं तिकीट, तिकडे पूर्ण फी, आणि एजंटाला ८० हजार. एजंटाचा फोन घेणं त्यांनी बंद केलं.

कॅपमध्ये नंदुरबार पहिलं टाकलं होतं, मिळालं शहादा. तापी ओलांडून, प्रकाशावरून रोजचं एसटीचं जाणं-येणं. ऑप्शन भरताना एक गोष्ट केली ती सांगतो, प्रत्येक कॉलेजचं नाव एनसीटीईच्या साइटवरच्या मान्यतेच्या यादीत स्वतः बघितलं, कॉलेजच्या पाटीवर विश्वास ठेवला नाही. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, वार्षिक अहवाल भरला नाही म्हणून देशभरच्या बऱ्याच बी.एड. कॉलेजांच्या मान्यतेवर गंडांतर आलं तेव्हा भाचीला झोप लागली.

आता मेथडचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. बी.एड.ला दोन शालेय विषयांची अध्यापन पद्धती घ्यायची असते, त्यालाच सगळे मेथड म्हणतात. पहिल्या आठवड्यात कॉलेजने तिला सायन्स आणि मराठी दिलं, कारण गणिताच्या गटात मुलं जास्त झाली होती. महाराष्ट्रातच राहायचं असतं तर चाललं असतं. पण सुरतला मराठी मेथडचा उपयोग मूठभर शाळांत, आणि कुठल्याही राज्यात, कुठल्याही बोर्डाच्या शाळेत जाहिरात निघते ती 'गणित-विज्ञान' अशी जोडीने. बीएस्सीला तिला गणित होतंच. ती प्राचार्यांकडे गेली, नाही म्हणाले, परत गेली, मग अर्ज लेखी दिला आणि खाली लिहिलं की मला परराज्यात जायचं आहे. दहा दिवसांनी गणित मिळालं. कॉलेजचा दोष नाही म्हणत, त्यांना गट सारखे करायचे असतात, पण तुम्ही गप्प बसलात तर जे उरेल ते पदरात पडतं आणि ते गुणपत्रकावर जन्मभर राहतं.

लग्न झालं डिसेंबर २०२४ ला. पहिलं वर्ष अर्धं झालेलं. आणि इथे एक बारीक गोष्ट, जी जावयाच्या मित्राच्या बायकोने सांगितली, मला सुचली नसती. तिने सांगितलं की डिग्री हातात येईपर्यंत आधार कार्डावरचं नाव बदलू नको. तिने स्वतः बदललं होतं, मग एका वर्षाची मार्कशीट माहेरच्या नावाची, दुसऱ्या वर्षाची सासरच्या, आणि नोकरीच्या वेळी गॅझेट काढा, प्रतिज्ञापत्र करा, सहा महिने गेले. सासूबाईंना हे थोडं लागलं, आमच्या घरचं नाव नको का वगैरे, पण जावयाने सांभाळून घेतलं. अजूनही तिचं नाव वडिलांचंच आहे.

मग दीड वर्ष भुसावळ-सुरत लाइनवर. सुट्टी लागली की ती सुरतला, नाहीतर शनिवारी जावई नंदुरबारला. नवापूर स्टेशन तुम्ही बघितलं असेल, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, जावई म्हणतो आमचं लग्न त्या स्टेशनसारखंच आहे. सोपं नव्हतं हे, ते मी गोड करून सांगणार नाही. सणाला सून घरात नाही म्हणून सुरतच्या नातेवाइकांत बोलणं झालं, आणि एकदा भाची रडत म्हणाली की मामा तुमच्या नादी लागून चूक केली का. मी म्हटलं असेलही. तेव्हा मला खरंच खात्री नव्हती.

खात्री आली इंटर्नशिपला. तिने आधी कॉलेजला विचारून बघितलं की वीसपैकी दुसऱ्या वर्षाचे सोळा आठवडे सुरतच्या मराठी शाळेत करू का, ते जमलं नाही, कॉलेजच्या ठरलेल्या शाळा असतात आणि निरीक्षणाला प्राध्यापकांना जावं लागतं. तिला मिळाली शहाद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याची शाळा, वर्गात बहुतेक पोरं घरी भिली किंवा पावरी या आदिवासी बोली बोलणारी. पहिले पंधरा दिवस पोरं नुसती बघत बसायची. सायन्सचा तास, हिचं पुस्तकी मराठी, पोरांच्या चेहऱ्यावर काही नाही. मग तिने एका मुलीला धरून रोजच्या वस्तूंचे पावरी शब्द वहीत लिहून घेतले, पाणी तापवणं, वाफ, मीठ, राख, आणि आम्ल-अल्कलीचा धडा चुलीतल्या राखेपासून सुरू केला. मी एक दिवस बघायला गेलो होतो. पोरं ओरडून उत्तरं देत होती, अर्धी मराठीत अर्धी पावरीत, आणि ही दोन्हीत हो हो करत होती. सुरतला महापालिकेच्या वर्गात एका बाकावर ओडिया, बाजूला भोजपुरी, मागे अहिराणी अशी पोरं बसतात. हे कॉलेजच्या तासाला बसून शिकता येत नाही आणि नॉन-अटेंडिंगमध्ये तर वर्गच नसतो. मी व्याह्यांना तिथला व्हिडिओ पाठवला, त्यांनी सगळ्या ग्रुपवर फिरवला.

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा अजून एक निकाल आला, की आधीपासून नोकरीत असलेल्यांनीही, पाच वर्षांहून जास्त सेवा बाकी असेल तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. म्हणजे मी पण. आता मामा-भाची एकाच पुस्तकातून बालमानसशास्त्र वाचतोय, ती मला शिकवते आणि चुकलो की ओरडते.

तिने सीटेट, म्हणजे केंद्राची टीईटी, धरली. कारण साधं, सीबीएसईची परीक्षा आहे, केंद्रीय शाळांत आणि सुरतच्या सीबीएसई शाळांत दाखवता येते, बी.एड. चालू असतानाच देता येते, भाषा म्हणून मराठी घेता येते आणि पास झाली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. दीडशे मार्क, साठ टक्क्यांना म्हणजे नव्वदला पास. २०२५ मध्ये ती परीक्षा झालीच नाही, एकदम फेब्रुवारी २०२६ ची निघाली, त्यामुळे अभ्यासाला वेळ भरपूर मिळाला. पेपर बरा गेला म्हणते.

राहिलं गुजराती. गुजरातने २०२३ मध्ये कायदा केलाय की पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती शिकवायचीच, म्हणजे मराठी किंवा इंग्रजी शाळेत गेलात तरी आजूबाजूला ती असणारच. आणि टॅट द्यायची तर २०२३ पासून ती दोन टप्प्यांत आहे, दुसऱ्या टप्प्यात सविस्तर लिहावं लागतं. बोलायला अहिराणीवाल्याला गुजराती जड नाही, आपलं 'शे' त्यांचं 'छे', सासूबाईंसोबत बाजारात चार फेऱ्या मारल्या की जमतं. लिहायचं मात्र वेगळं. वर रेघ नाही, आणि काही अक्षरं ओळखीची वाटतात पण निघतात भलतीच. शेजारच्या पोराची पहिली-दुसरीची पुस्तकं मागून आणलीत आणि रोज एक पान गिरवते.

या जूनमध्ये ती कायमची सुरतला जाईल. डिंडोलीतल्या एका शाळेने डेमोला बोलावलंय, विषय त्यांनीच दिलाय, सातवी, उष्णतेचं संक्रमण. काल रात्री साडेदहाला फोन आला, मला वाटलं टाचण दाखवायचंय. तर विचारते, "मामा, चूल दाखाडू का हिटर? सुरतन्या पोरेसनी चूल देखेल व्हई का?"

मी म्हटलं जावयाला विचार, डाइंग मिलमध्ये बॉयलर असतो, तो सगळ्या पोरांनी बघितलेला असतो, निम्म्यांचे बाप तिथेच कामाला आहेत.